तलम सुती कापड आणि कापसाचा मुलूख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या जिनिंगांमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांमध्ये, कापसाची प्रत पाहण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. आता पुण्यात मुलीकडे असतो. सोसायटीत कुणी नवा शर्ट किंवा चादर आणली की ती माझ्यापुढे येते. "काका, हे इजिप्शियन आहे म्हणतात, खरं का?" तीच तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढली.

कापूस तो कापूस. कुठे पिकला याने कापडात काय फरक पडणार?

पडतो, आणि नव्या कपड्यापेक्षा दहा वेळा धुतलेल्या कपड्यात जास्त कळतो.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवसापासून ती वाढायला लागते. पहिले वीस-पंचवीस दिवस तिची नुसती लांबी वाढते. तेव्हा ती पातळ सालीची पोकळ नळी असते. मग लांबी थांबते आणि आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर बसू लागतात, साधारण रोजचा एक, झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तसे. हे भरण्याचं काम चाळीस-पन्नासाव्या दिवसापर्यंत चालतं. बोंड फुटलं की तंतू वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो. तो नसता तर कापसाचं सूत निघालंच नसतं.

म्हणजे लांबी ठरते पहिल्या तीन आठवड्यांत आणि भरीवपणा त्यापुढच्या तीन-चार आठवड्यांत. या काळात पाऊस, ऊन, रात्रीचा गारवा आणि जमिनीतली ओल जशी असेल तसा तंतू. बियाणं सांगतं जास्तीत जास्त किती मिळू शकेल. त्यातलं किती पदरात पडणार ते मुलूख ठरवतो.

(बाजारात आम्ही तंतूलाच 'धागा' म्हणतो. "धागा लांब आहे" म्हणजे तंतू लांब आहे. कातल्यावर जे निघतं ते सूत. पुढे दोन्ही शब्द येतील, गोंधळू नका.)

चांगला कापूस म्हणजे नेमकं काय बघतात?

लांबी, तलमपणा आणि ताकद. बाकी रंग, कचरा, ओल या गोष्टी भाव पाडायला असतात.

लांबी पूर्वी हातावर काढायचे. चिमटीत कापूस धरायचा, दोन्ही हातांनी ओढत ओढत तंतू सरळ करायचे आणि अंगठ्यावर ताणून सांगायचं. जुन्या ग्रेडरचा अंदाज मिलिमीटरभराने चुकला तर चुकला. आता एचव्हीआय यंत्र क्षणात आकडे देतं. आपल्याकडच्या वर्गवारीत २० मिमीपर्यंतचा धागा आखूड, २७.५ ते ३२ मिमीचा लांब आणि ३२.५ मिमीच्या पुढचा अतिलांब. रोजच्या शर्टाचं कापड लांब धाग्यात होतं. खरोखर तलम शर्टिंगला अतिलांबच लागतो.

तलमपणा 'मायक्रोनेअर'मध्ये मोजतात. ठरावीक वजनाचा कापूस दाबून त्यातून हवा सोडायची. तंतू बारीक असतील तर हवा अडते आणि आकडा कमी येतो. साधारण ३.५ ते ४.९ हा चालण्याजोगा पट्टा.

याचा सुताशी संबंध हिशेबानेच कळेल. १०० काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ८४० वारांच्या १०० लडी. किलोमीटरमध्ये ते जवळपास ७७ भरतात. अर्धा किलोही नाही आणि नागपूरहून वर्ध्यापर्यंत पोचणारं सूत! एवढं बारीक सूत आडवं कापलं तर ४ मायक्रोनेअरच्या कापसाचे त्यात जेमतेम ३७ तंतू बसतात. ३ मायक्रोनेअरचा कापूस असेल तर ५०. सदतीस तंतूंच्या सुतात एकदोन तंतू सरकले की सूत तुटलं. पन्नासात निभावून जातं. तलम कापडासाठी गिरण्या ठरावीक मुलखातला कापूस शोधत फिरतात त्याचं कारण इतकं साधं आहे.

म्हणजे मायक्रोनेअर जितका कमी तितका कापूस भारी?

इथेच भले भले फसतात. आकडा दोन कारणांनी कमी येतो. तंतू मुळात बारीक आहे पण आतून पुरता भरलेला आहे, हे एक. तंतू जाडच आहे पण कच्चा राहिला, आत पोकळ आहे, हे दुसरं. नाईलच्या खोऱ्यातल्या 'गिझा ४५'चा आकडा ३ च्या आसपास येतो आणि ते सोनं असतं. आमच्याकडे जानेवारीत वेचलेल्या कापसाचाही ३ येऊ शकतो आणि ती माती असते. आकडा तोच, माल दुसरा. म्हणून आकड्यासोबत जात आणि गाव विचारावं लागतं.

थंडीचा आणि धाग्याचा काय संबंध?

पानात तयार झालेली साखर बोंडात जाते आणि तिथे तिचं सेल्युलोज होतं. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली घसरायला लागलं की हे काम मंदावतं. दिवसा कितीही ऊन असू दे, थर पातळ बसतात आणि बोंड तसंच कच्चं फुटतं.

विदर्भात दिवाळीनंतर थंडी पडायला लागते. जूनच्या पावसावर पेरलेल्या झाडाची खालची बोंडं तोवर भरून झालेली असतात, शेंड्याची नसतात. म्हणून पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस आणि शेवटचा कापूस एकाच झाडाचा असूनही सख्ख्या भावांसारखा वाटत नाही. गडद निळ्या किंवा काळ्या शर्टावर बारीक पांढरे ठिपके दिसतात ना, तेही याच कच्च्या तंतूंचे. भिंत पातळ असल्याने ते रंग धरत नाहीत, आणि कातताना त्यांच्या बारीक गाठी होतात.

यातून फरदडीचं कोडं सुटतं. डिसेंबरनंतर पाणी देऊन पीक पुढे रेटलं तर दोन-चार क्विंटल जास्त निघतात, पण धागा कच्चा निघतो आणि शेंदरी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. फरदड घेऊ नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो. भाव चढा असला की शेतकरी घेतो. त्याच्या जागी मीही घेतली असती.

उलट फार उकाड्यात धागा भराभर भरतो आणि जाड निघतो. उघड्या बोंडावर पाऊस पडला तर बुरशी चढून कापूस करडा पडतो. पांढऱ्या माशीचा गोड चिकटा पडला तर सूतगिरणीची यंत्रं चिकटतात. सुदानच्या गेझिरा भागातला अतिलांब कापूस धाग्याने उत्तम, पण चिकटपणासाठी बदनाम होता.

काळ्या जमिनीतला कापूस वेगळा असतो का?

जमीन कापसाला थेट काही 'चव' देत नाही, आंब्याबद्दल बोलतात तसं इथे नाही. जमीन देते ती ओल. काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते, पण खाली ओल धरून ठेवते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस निघून जातो आणि त्यानंतरचा महिना-दीड महिना झाड त्या साठ्यावर जगतं. नेमकी तेव्हाच बोंडात धाग्याची लांबी वाढत असते.

बरड, मुरमाड रानात हा साठा नसतो. झाड तहानतं, धागा आखडतो. नाल्याकाठच्या भारी रानातला कापूस आणि टेकडीच्या उतारावरचा कापूस एकाच गाडीत भरून यायचा, बियाण्याची पिशवी एकच असायची, पण वरचा आणि खालचा थर चिमटीत धरला की फरक कळायचा. त्यामुळे 'विदर्भाचा कापूस' असं सरसकट म्हणणं मला कधी पटलं नाही.

इजिप्शियन कॉटनचा एवढा बोलबाला का?

कारण तिथे बियाणं, पाणी आणि हवा तिन्ही जुळून आली, आणि चौथी गोष्ट म्हणजे कायदा.

बियाणं तिथलं मूळचं नव्हे. ते बार्बाडेन्स जातीचं, म्हणजे मूळ दक्षिण अमेरिकेचं. १८२० च्या सुमारास जुमेल नावाच्या फ्रेंच माणसाला कैरोतल्या एका बागेत शोभेसाठी लावलेलं लांब धाग्याचं झाड दिसलं. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने ते शेतात नेलं. पुढे त्यात अमेरिकेच्या सी आयलंड कापसाचं रक्त मिसळलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी नाईलकडे धाव घेतली. (त्यांनी वऱ्हाडाकडेही धाव घेतली होती. ते पुढे सांगतो.)

पाण्याचं म्हणाल तर पिकाच्या हंगामात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच. सगळं पीक नाईलच्या पाण्यावर. म्हणजे धागा लांबत असताना तहान नाही आणि बोंड उघडल्यावर भिजणं नाही. आमच्या शेतकऱ्याने देवाकडे मागावं असं हवामान. पेरणी वसंतात, वेचणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यामुळे बोंडं उबदार रात्रीत भरतात. समुद्राजवळच्या उत्तर त्रिभुज प्रदेशात वारा उन्हाळ्याची धार कमी करतो, तिथे सगळ्यात तलम जाती होतात. दक्षिणेकडे, वरच्या इजिप्तमध्ये, ऊन कडक. तिथला धागा तुलनेने आखूड आणि जाड. देश एक, नदी एक, तरी दोन कापूस.

आणि कायदा असा, की कुठल्या भागात कोणती जात लावायची हे सरकार ठरवून देतं. जाती शेजारी शेजारी मिसळल्या तर चार-पाच वर्षांत बियाणं बिघडतं. हे त्यांनी अनुभवलंही. २०११ नंतरच्या गोंधळात बियाण्याची शिस्त सुटली, दर्जा घसरला आणि मग ती घडी पुन्हा बसवावी लागली. माती तीच होती, नदीही तीच होती.

लेबलवर 'इजिप्शियन' लिहिलंय, म्हणजे खात्री समजायची?

नाही. इजिप्तमध्ये पिकलेला सगळाच कापूस गिझा ४५ नसतो, आणि 'इजिप्शियन' लिहिलेला सगळाच कापूस इजिप्तचा नसतो. २०१६ मध्ये एका मोठ्या भारतीय उत्पादकाच्या चादरींवरून अमेरिकेत याच मुद्द्यावर गहजब झाला होता. आता इजिप्तची संघटना अधिकृत चिन्ह देते आणि डीएनए तपासणी करते. चिन्ह असेल तर थोडा विश्वास ठेवा. नुसता शब्द असेल तर हाताने बघा.

पिमा आणि सी आयलंड म्हणजे काय?

दोन्ही इजिप्शियनचीच भावंडं, बार्बाडेन्स कुळातली.

सी आयलंड हे नाव अमेरिकेतल्या जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरून आलं. दमट हवा, लांब हंगाम, बेटांवर हिमतुषार उशिरा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे जगातला सगळ्यात रेशमी कापूस पिकला, गुलामांच्या हातांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडात शिरणारा एक भुंगा आला आणि १९२० च्या आसपास तो धंदा संपला. आता थोडा कापूस कॅरिबियन बेटांवर होतो.

पिमा हे नाव ॲरिझोनातल्या पिमा लोकांचं. तिथल्या सरकारी प्रक्षेत्रावर ते हे पीक घेत. आज अमेरिकन पिमा मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यात होतो. पाऊस नाही, कालव्याचं पाणी, कोरडं ऊन, म्हणजे नाईलचीच नक्कल. 'सुपिमा' ही १९५४ पासूनची तिथल्या उत्पादकांची संघटना आणि तिचं चिन्ह. पेरूच्या उत्तरेला पिउरा भागातही पिमा होतो, तो हाताने वेचतात.

चीनच्या शिनजियांगचा कापूस?

वाळवंट, बर्फ वितळून आलेल्या नद्या, लांब दिवस. धाग्याला चांगलाच मुलूख. पण तिथे सक्तीच्या मजुरीचा आरोप आहे आणि त्यावरून अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून त्या मालाची वाट अडवली. कापसाच्या गावाचं नाव विचारण्याला आता हाही अर्थ आहे.

भारतात एवढा तलम कापूस होतच नाही का?

होतो की. सुविन घ्या. कोइमतूरला तयार झालेली ही जात १९७४ मध्ये प्रसारित झाली. आई सुजाता, ती इजिप्तच्या 'कर्नाक'मधून निवडलेली. बाप कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटाचा सी आयलंड. सुजातातला 'सु' आणि व्हिन्सेंटमधला 'विन'. नाईल आणि कॅरिबियन समुद्र यांचं लग्न तमिळनाडूत लागलं! धागा ३६ मिमीच्या पुढे, १०० आणि १२० काउंटचं सूत सहज निघतं. जपानी खरेदीदार याचं नाव आदराने घेतात.

त्याखालोखाल डीसीएच-३२. धारवाडच्या कृषी संशोधकांनी अमेरिकन (म्हणजे हिर्सुटम जातीचा कापूस) आणि बार्बाडेन्स यांचा संकर करून काढलेलं हे वाण कर्नाटक, तमिळनाडू आणि मध्य प्रदेशात रतलामकडे होतं.

तरीही आपल्या गिरण्या इजिप्त आणि अमेरिकेहून अतिलांब कापूस आणतात, कारण इथे तो पुरेसा पिकत नाही. सुविनला हंगाम लांब लागतो, किडी आवडीने येतात, वेचायला माणसं जास्त लागतात. तेवढ्या कष्टाचा मोबदला साध्या संकरित कापसाच्या मानाने मिळाला नाही, तसा एकेक शेतकरी बाजूला झाला.

आम्ही यवतमाळला सुविन लावला तर?

लावू नका. तिकडे तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि हिवाळी रात्री आपल्याइतक्या गार नसतात, म्हणून लांब हंगाम निभतो. तुमच्याकडे पीक भरायच्या वेळेला ओल संपलेली आणि थंडी आलेली असेल.

ढाक्याची मलमल आखूड धाग्याची होती म्हणतात. मग हे लांबीचं पुराण कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो.

खरं आहे ते. मलमल ज्या 'फुटी कार्पास'ची होती तो देशी कापूस, मेघना आणि शीतलक्षा नद्यांच्या काठचा. दरवर्षी पुराने गाळ आणून टाकलेली जमीन. धागा आखूड, पण अतिशय बारीक. यंत्रावर त्याचं सूत निघालं नसतं. ते हातानेच निघायचं, आणि तेही कोणत्याही वेळी नाही. पहाटे आणि संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना, बहुतेक तरुण मुली तकलीवर कातत. ओलसर कापूस जास्त ताण सोसतो, कोरडा तुटतो. म्हणजे नदी शेताला गाळ द्यायची आणि कातणाऱ्या बोटांना दमट हवाही द्यायची. तिथला कापूस दुसरीकडे लावून पाहिला तर तो तसा उतरेना, अशा नोंदी कंपनी सरकारच्या काळातल्या आहेत.

कापूस पिंजण्याआधी तिथे बोआल माशाच्या जबड्याने विंचरायचे. त्याचे बारीक दात म्हणजे फणीच. आंध्रात श्रीकाकुळमजवळ पोंदुरूला आजही खादीसाठी स्थानिक आखूड कापूस माशाच्याच जबड्याने विंचरतात आणि १०० काउंटचं सूत काढतात. एवढ्या लांबच्या दोन गावांना एकच युक्ती सुचावी, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

तेव्हा लांबीचं पुराण यंत्राचं आहे. चाती वेगाने फिरते, तिला लांब, दणकट, एकसारखा तंतू लागतो. हात आखुडाचंही सोनं करतो, पण एका साडीला महिनोन्महिने घेतो. यंत्राचं कापड आलं, हात थांबले आणि फुटी कार्पास लावायचं कुणाला कारण उरलं नाही. अलीकडे बांगलादेशात जुनी झाडं शोधून, जतन केलेल्या नमुन्यांशी पडताळून ती परत लावली जात आहेत आणि काहीशे काउंटचं सूत पुन्हा निघालं आहे.

विदर्भाचा कापूस जाडाभरडा असतो, हे खरं ना?

मी तिकडचा, तेव्हा मला थोडं जास्त बोलू द्या.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाची दोन नावं चालत. अमरावतीच्या 'उमरावती'वरून 'उमरा', तो सर्वसाधारण माल. आणि 'हिंगणघाट', त्याचा भाव वेगळा. हिंगणघाटचा बाणी हा देशीच कापूस, पण धागा मऊ, बारीक आणि देशीच्या मानाने लांब. अमेरिकन यादवीनंतर ब्रिटिशांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला, त्याचा जीव या हिंगणघाटच्या बियाण्यात अडकलेला होता. नांदेडकडची गावराणीही त्याच घराण्यातली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली, त्यालाही कापूस दाराशी असणं हे एक कारण होतं.

मग हा बाणी गेला कुठे? जमीन बदलली नाही, आभाळ बदललं नाही. बाणीचा रुईचा उतारा कमी होता. शंभर किलो कापूस जिनमध्ये घातला की सरकी जास्त, रुई थोडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'रोझियम' नावाचा आखूड, खरबरीत, पण भरपूर उताऱ्याचा कापूस पसरला. जपानच्या गिरण्या असा आखूड माल हव्या तितक्या गाठी उचलत होत्या. जिनवाल्याने वजनाला पैसे मोजले, धाग्याला नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि बाणी टाकला. त्याची चूक म्हणायची तर कुठल्या तोंडाने म्हणायची? मुलूख धाग्याला गुण देतो, पण त्या गुणाला भाव मिळाला नाही तर एका पिढीत तो शेतातून जातो आणि पुढची पिढी म्हणते, इथला कापूस मुळातच जाडाभरडा.

पुढे फाळणीत सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा मुलूख पलीकडे गेला, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. अमेरिकन जाती आणि मग संकरित वाणं आली. १९७० साली सुरतच्या केंद्रावर निघालेलं 'एच-४' हे व्यापारी लागवडीचं जगातलं पहिलं संकरित वाण. आजचा विदर्भाचा कापूस बहुतेक २८ ते ३० मिमीचा, म्हणजे लांब वर्गातला. आपला शर्ट, कुर्ता, साडी याच धाग्यात होते. जाडाभरडा हा शब्द आता तरी सोडा.

बीटीमुळे दर्जा बिघडला का?

लांबीने नाही बिघडला. २००२ नंतर आलेली बहुतेक बीटी वाणं (बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली) लांब धाग्याचीच. बिघडली ती एकसारखेपणाची गोष्ट. हजाराहून अधिक वाणांना मंजुरी मिळाली, एका गावात पंधरा नावांच्या पिशव्या, आणि सगळा कापूस जिनच्या एकाच ढिगात. आखूड देशी कापूस तर दिसेनासाच झाला, आणि औषधी कापसाला नेमका तोच लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत. कोरडवाहूत तग धरतात, धागा अमेरिकनच्या जवळ जातो. माझी सगळी आशा त्यांच्यावर आहे, पण बियाण्याचा पुरवठा आणि वेगळी खरेदी नसेल तर त्यांचाही बाणी होईल.

वेचणी आणि जिनिंगने किती फरक पडतो?

इतका, की मुलखाची सगळी कमाई त्यात जाऊ शकते. विदर्भात पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग बोंडाला हात लावतात. हाताने वेचलेला कापूस यंत्राने काढलेल्यापेक्षा कमी तुटतो. आपल्याकडची रोलर जिनही धागा सांभाळते, अमेरिकेतली करवती जिन वेगवान पण धाग्याला कडक.

आणि मग हाच हळुवार वेचलेला कापूस आपण प्लॅस्टिकच्या पोत्यात भरतो. पोत्याचा दोरा, गुटख्याची पुडी, केस, ओढणीचे धागे. प्लॅस्टिक रंग घेत नाही, ते कापडावर डाग होऊन उमटतं. बाहेरचे गिरणीवाले भारतीय कापसाला याच कारणाने कमी भाव देतात. त्यात ओल. बारा टक्क्यांवर ओल असेल तर खरेदी केंद्र माल घेत नाही, तरी पाणी मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते, कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस निवडून वेगळा ठेवायचे पैसे कुणी देत नाही. मग ती का निवडेल?

थ्रेड काउंट १००० लिहिलेली चादर घ्यावी का?

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातली उभी-आडवी सुतं. दोन-तीन पदरी सुतातला प्रत्येक पदर वेगळा मोजून हा आकडा फुगवतात. अतिलांब धाग्याची ३०० ची चादर आखूड धाग्याच्या १००० पेक्षा मऊ आणि टिकाऊ.

ऑरगॅनिक म्हणजे तलम का?

नाही. तो पिकवण्याचा प्रकार झाला. धागा बियाणं आणि मुलखाप्रमाणेच येणार.

मग तलमच कापड घ्यावं का?

कशाला? टॉवेलला, सतरंजीला, जीन्सला जाड धागाच हवा. कच्छचा काळा कापूस आखूड आणि खरबरीत असतो, पावसावरच येतो, पण त्याचं कापड उन्हाळ्यात अंगाला लागत नाही आणि वर्षानुवर्षं फाटत नाही. १२० काउंटचा शर्ट पुण्याच्या बसमधून रोज घालून फिरलात तर मला दोष देऊ नका.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं?

कापड उजेडासमोर धरा. सूत एकसारखं दिसतंय का, मध्येच जाड-बारीक गाठी आहेत का ते बघा. गडद रंगात पांढरे ठिपके शोधा. आतल्या शिवणीत सुटा दोरा असेल तर उलगडून हळू ओढा. आखूड तंतूंचं सूत लगेच सुटून येतं, लांब तंतूंचं ताण घेतं आणि मग तुटतं. अंगठ्याने कापड जोरात चोळा, लव वर आली तर धुतल्यावर गोळे धरणार.

नुसत्या मऊपणावर जाऊ नका. तो सॉफ्टनरचा असतो, तीन धुण्यांत जातो. चकाकीही मर्सराइज करून, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून, आणता येते.

शर्टावर कापसाच्या गावाचं नाव का नसतं?

कारण गिरणीत एका वेळी चाळीस-पन्नास गाठी शेजारी शेजारी उघडून मिसळतात, म्हणजे सूत वर्षभर एकसारखं येतं. १७० किलोच्या त्या गाठींत राळेगावची, आदिलाबादची, राजकोटची अशा सगळ्या असतात. सुताला गाव उरत नाही. 'कस्तुरी कॉटन' या भारतीय नाममुद्रेखाली आता गाठीवर क्यूआर कोड लावून ती कोणत्या जिनची हे शोधता येतं. जिनपर्यंत. जिनच्या अंगणातला ढीग मात्र अजून शंभर शेतकऱ्यांचा एकच असतो, आणि नाल्याकाठचा कापूस टेकडीवरच्याबरोबरच त्यात पडतो.